'एक स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

जागतिक हृदय दिनाला आमच्या मंडळाने सांगलीत हृदयरुग्णांच्या मदतीसाठी काढलेल्या चालफेरीवर मी लिहिलेल्या लेखाखाली 'एक स्पष्टवक्ता, सातारा' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: टी-शर्ट घालून विश्रामबागेतून गणपती मंदिरापर्यंत चालणं ही फोटोची हौस आहे. सरकारी योजना आणि धर्मादाय हॉस्पिटलं असताना हृदयरुग्णांसाठी वर्गणी कशाला? जमलेल्या पैशाचा हिशोब लेखात नाही. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: 'वर्गणीच्या पैशाने कुणाचं हृदय बरं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही, तुम्हा लोकांना पुण्य स्वस्तात हवं असतं.'

'तुम्हा लोकांना'! कोण लोक, साहेब? त्या दिवशी आमच्यात निवृत्त मास्तर होते, मार्केट यार्डातले हमाल होते, बायपास झालेले दोघे काठी टेकत शंभर फुटी रस्त्यापर्यंत आले होते. या सगळ्यांना एका शब्दात झटकून टाकायला काय लागतं? खरं नाव न लावता लिहिण्याची सोय, बस्स. टीका करा, पण समोर बसलेल्या माणसाशी बोलतो तशी करा. एकाच बॅनरचे चार-चार फोटो लेखात नसते तरी चाललं असतं, एवढं मी मान्य करतो.

आता ते 'पाहिलेलं नाही'. माझे वडील तुम्ही पाहिलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. लहानपणी त्यांना घसा दुखून ताप यायचा, मग गुडघे-घोटे सुजायचे. 'वाढीचं अंग आहे' म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. घशातल्या जंतूंवर वेळीच पेनिसिलिन मिळालं नाही तर हा ताप पुढे हृदयाच्या झडपेवर जातो, हे तेव्हा आमच्याकडे कुणाला ठाऊक होतं? चाळिशीच्या आतच कारखान्यात गव्हाणीवर काम करताना त्यांना धाप लागू लागली. मिट्रल झडप चिंचोळी झाली होती. ऑपरेशन झालं नव्वदच्या दशकात. कामगारांनी एक दिवसाचा पगार दिला, हळदीच्या अडत्यांनी पावती न मागता नोटा काढून दिल्या, मुंबईतल्या ट्रस्टांनी हॉस्पिटलच्या नावाने चेक दिले. त्या चेकसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि हॉस्पिटलचं एस्टिमेट घेऊन रांगेत मी उभा होतो. एका ठिकाणी 'अर्ज इंग्रजीत आणा' म्हणून परत पाठवलं, तेही सोसलं. स्वस्त पुण्य म्हणता ते हे.

जी झडप बसवली तिचं नाव 'चित्रा'. परदेशी झडप आमच्या आवाक्याबाहेर होती. ही तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा वैद्यकीय संस्थेत हृदयशल्यविशारद डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. आधीचे तीन नमुने फसले, चौथा टिकला, आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा रुग्णाला बसवला. सरकारचा पैसा त्यात होताच. पण त्या संस्थेची इमारत १९७३ साली त्रावणकोरच्या राजघराण्याने दान दिलेली, आणि झडपेवरचं संशोधन जिथे चाललं तो विभाग उभा राहिला त्याच घराण्याच्या राजवाड्यात. दान काढून घ्या आणि मग सांगा झडप कुठे बनली असती.

घरी आल्यावर खरा खर्च सुरू झाला. धातूच्या झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि किती घ्यायची ते आयएनआर तपासणीवर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या आकड्यावर ठरतं. आकडा उतरला तर गुठळीची भीती, चढला तर रक्तस्रावाची. आई ब्लेडने गोळीचे तुकडे करायची. आज अर्धी, उद्या पाऊण, आणि कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने मांडून ठेवायची. मेथी-पालक दोन दिवस लागोपाठ ताटात आले की पुढचा आकडा घसरलेला. आमच्या मंडळाची वर्गणी याच तपासण्यांवर, गोळ्यांवर आणि एसटीच्या तिकिटांवर जाते. महात्मा फुले योजना ऑपरेशन करते, काही काळाच्या फेरतपासण्याही देते. तिच्याविरुद्ध मी एक अक्षर लिहिलेलं नाही. पण जतहून रक्ततपासणीसाठी मिरजेला येणाऱ्या बाईचा बुडालेला रोज तिच्या कुठल्या पॅकेजात बसतो ते तुम्हीच शोधून कळवा.

'ही एका घराची गोष्ट झाली,' असं म्हणाल. मग सतरा हजारांची घ्या. छातीत कळ आली की डॉक्टर ॲस्पिरिन चघळायला देतात. १९८८ साली 'आयसिस-२' नावाच्या अभ्यासात १७,१८७ रुग्ण होते. नुसत्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदयविकाराचे व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. त्याला औषध कंपनीने पैसा दिला होता, तसाच ब्रिटिश हार्ट फाउंडेशननेही दिला होता. १९६१ साली निघालेली ही संस्था चालते लोकांच्या देणग्यांवर: कुणी मृत्युपत्रात रक्कम ठेवतं, कुणी जुने कपडे आणि फर्निचर तिच्या दुकानांत देऊन जातं, आणि हजारो लोक तिच्यासाठी लंडन ते ब्रायटन सायकल फेरी काढतात. फेरीच, स्पष्टवक्ते! टी-शर्ट घालून! फोटोही काढतात!

हिशोबाचं म्हणाल तर मंडळ नोंदणीकृत आहे, ऑडिट होतं, खजिनदार घरी असतात. धर्मादाय हॉस्पिटलांत गरिबांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि आणखी दहा टक्के सवलतीत ठेवायचा नियम आम्हालाही ठाऊक आहे. त्या खाटेपर्यंत पोचवायलाही माणूस लागतो, आणि तो आमच्यातलाच असतो. बाकी मुद्द्यांना उत्तर देण्यात माझा आणि वाचकांचा वेळ घालवत नाही.

एक राहिलं. नावापुढे सातारा लावता म्हणून विचारतो: तिथेच कर्मवीर भाऊराव पाटलांनी दारोदार मूठ-मूठ धान्य मागून बोर्डिंगमधली पोरं जगवली ना? त्यांनाही असं लिहिलं असतं का?

यापुढची तुमची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच इथे दिसेल.