‘गावठी बोलू देऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: मुलांचं लेखन सुधारायचं असेल तर त्यांना गावठी बोलू देऊ नका, रोज दहा अवघड शब्द पाठ करून घ्या आणि प्रत्येक चूक तांबड्या शाईने खोडा. दापोलीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात मी दर रविवारी मुलांना लिहायला बसवते. मला यातलं काहीच पटत नाही.

गावठी बोलण्याचं आधी घेते, कारण त्यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. सातवीतल्या एका मुलीने पावसावर लिहिलं, ‘धरणीमाता हिरवा शालू नेसते.’ मी विचारलं, तुझ्या घरामागे काय आहे गं? “पऱ्या. मिरगाचा पाऊस झाला की चढणीचे मासे येतात. बाबा रात्री बॅटरी घेऊन जातात, टोपली मी धरते.” मग हे का नाही लिहिलंस? “ते गावठी ना, ताई!” पऱ्याच्या जागी ओढा लिहिला असता तरी चाललं असतं; पण लाजेपायी तिने पऱ्याबरोबर मासे, बॅटरी आणि बाबाही गाळले होते.

समुद्राचे शब्द बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला पाणी खूप चढतं ते उधाण, अष्टमीच्या आसपास थोडंच चढतं-उतरतं तो भांग. कोळ्याच्या पोराला हे घरातच मिळतं. इथल्याच मुर्डीच्या श्री. ना. पेंडशांनी आपल्या कादंबऱ्यांतल्या माणसांना इथल्याच वळणाने बोलू दिलं, आणि त्यांच्या ‘रथचक्र’ला १९६३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पाठ केलेले दहा शब्द आठवड्यात विसरतात. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. तो मुलांसमोर जरूर उघडा, पण मूल एखाद्या शब्दाशी अडलं असेल तेव्हा.

राहिली तांबडी शाई. शुद्धलेखन मीही शिकवते, त्यात सूट नाही. पण पहिल्याच खर्ड्यावर रेघोट्या ओढल्या की मूल पुढच्या वेळी फक्त बिनचूक येणारी वाक्यं लिहितं, आणि ती शालूचीच असतात. मी वहीत एवढंच लिहिते: मग पुढे काय झालं?

त्या मुलीने पुढे लिहिलं: ‘बाबा म्हणाले बॅटरी हलवू नको. मासे उजेडात थांबले. टोपली जड झाली तेव्हा मला कळलं पाणी किती थंड आहे.’ ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या. त्या आम्ही पुढच्या रविवारी बसून काढल्या.