‘सेक्युलर’ 1976 मध्ये घुसडलं? आधी घटना उघडून बघा

26 नोव्हेंबर किंवा 26 जानेवारी जवळ आली की एक मेसेज हमखास फिरतो. या वेळी तो एकाच दिवशी तीन ग्रुपवर आला. त्यातला एक माझ्या माजी विद्यार्थ्यांचा, म्हणून गप्प बसवलं नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मूळ घटनेत ‘सेक्युलर’ हा शब्दच नव्हता, बाबासाहेबांनी तो नाकारला होता, इंदिरा गांधींनी आणीबाणीत तो घुसडला, आणि आपल्याकडे चर्चची सत्ता कधी नव्हतीच, मग धर्म आणि राज्य वेगळं कशाला करायचं?

‘शब्दच नव्हता.’ उद्देशिकेत, म्हणजे घटनेच्या प्रास्ताविकात नव्हता, हे खरं. पण घटना उद्देशिकेपाशी संपत नाही. अनुच्छेद 25 (2)(क) काढा. धर्माचरणाशी निगडित आर्थिक, वित्तीय, राजकीय ‘ऑर अदर सेक्युलर ॲक्टिव्हिटी’ (किंवा इतर ऐहिक व्यवहार) यावर राज्याला कायदा करता येईल, असं इंग्रजी संहितेत 1950 पासून छापलेलं आहे. म्हणजे पूजा कशी करायची ते भक्तांनी ठरवायचं, पण देवस्थानच्या जमिनीचा आणि दानपेटीचा हिशेब सरकारला मागता येतो. मुंबईच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याविरुद्ध एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त कोर्टात गेले होते. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच रेषेवर निकाल दिला. नोंदणी आणि हिशेबतपासणी टिकली. धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेवर विश्वस्त म्हणून बसवण्याची सोय टिकली नाही.

‘बाबासाहेबांनी नाकारला.’ 15 नोव्हेंबर 1948 रोजी घटना तयार करणाऱ्या संविधान सभेत प्रा. के. टी. शहा या सदस्यांनी पहिल्याच अनुच्छेदात ‘सेक्युलर, फेडरल, सोशॅलिस्ट’ हे शब्द घालायची सूचना मांडली आणि बाबासाहेबांनी तिला विरोध केला. इथवर मेसेज बरोबर आहे. पण ते भाषण वाचलंत तर त्यात सगळा युक्तिवाद समाजवादाचा आहे. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, घटनेने आजच बांधून टाकू नये, असं ते सांगत होते. पुढच्याच महिन्यात आजच्या 25 ते 28 या अनुच्छेदांवर चर्चा झाली, आणि ती तडीस नेणारे मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही (28), एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कोणाकडून कर घेता येणार नाही (27). हे नाकारणं म्हणायचं?

मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटतो तो 17 ऑक्टोबर 1949 चा दिवस, आणि मेसेजवाले तो कधीच सांगत नाहीत. उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करा, अशी सूचना संविधान सभेत ह. वि. कामत यांनी मांडली. कुणाला ‘परमेश्वराच्या कृपेने’ हवं होतं, तर कुणाचं म्हणणं होतं की देवाचं नाव घ्यायचंच तर देवीचंही घ्या. पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं की देवावर मतदान करायची वेळ आमच्यावर आणू नका. हृदयनाथ कुंझरू म्हणाले की श्रद्धा ही ज्याची त्याची बाब आहे, ती सगळ्यांवर लादणं या उद्देशिकेतच दिलेल्या श्रद्धास्वातंत्र्याच्या विरुद्ध जाईल. कामत हटले नाहीत. मतदान झालं: बाजूने 41, विरोधात 68. त्या 68 जणांत देव मानणारे कितीतरी होते. तरी आपला देव त्यांनी राज्याच्या कपाळी लावला नाही.

‘आणीबाणीत घुसडला.’ हा शब्द उद्देशिकेत आणणारी 1976 ची 42 वी घटनादुरुस्ती आणीबाणीतली, विरोधी नेते तुरुंगात असताना केलेली. ती पद्धत वाईटच होती आणि तिची बाजू मी घेणार नाही. पण त्याच्या तीन वर्षं आधी, 24 एप्रिल 1973 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या केशवानंद भारती निकालात सरन्यायाधीश सिक्री यांनी घटनेच्या मूलभूत चौकटीत (जी संसदेलाही मोडता येत नाही) तिचं धर्मनिरपेक्ष स्वरूप मोजलेलं आहे. आणीबाणीनंतर आलेल्या जनता सरकारने 44 वी दुरुस्ती करून 42 व्या दुरुस्तीतलं बरंच काही उखडलं. वाजपेयी, अडवाणी त्या मंत्रिमंडळात होते. हा शब्द राहिला. तो काढून टाकण्यासाठी केलेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी फेटाळल्या.

‘चर्चच नव्हतं.’ चर्च नव्हतं, पण नाशिकला काळाराम मंदिराचं दलितांसाठी बंद दार होतं. 2 मार्च 1930 ला तिथे सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षं चालूनही दार उघडलं नाही. म्हणून आपली घटना धर्मापासून नुसती लांब उभी राहत नाही. हिंदूंची सार्वजनिक मंदिरं सर्व वर्गांतल्या हिंदूंना खुली करण्याचा कायदा करायची मुभा ती 25 (2)(ख) मध्ये राज्याला देते. अमेरिकेच्या किंवा फ्रान्सच्या नमुन्याशी हे जुळत नाही. आपलं दुखणंच वेगळं होतं.

आणि धर्मावर बेतलेलं राज्य आपण भोगलेलं आहे. 1909 पासून इंग्रजांनी मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ केले; कोण कोणाला मत देऊ शकतो हे धर्मावरून ठरू लागलं. अनुच्छेद 325 ने ते मोडलं: मतदारसंघ एक, यादी एक. नोकरीत असताना मी बीएलओचं, म्हणजे मतदार यादी तपासणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं काम केलंय, उन्हातान्हात यादी घेऊन घरोघर फिरलोय. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. नवीन नावासाठी भरायच्या सहा नंबरच्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना नाही. एका आजोबांनी तो माझ्याकडून भरून घेताना विचारलंही होतं, “गुरुजी, जात-धरम कुठं लिवायचा?” मी फॉर्म उलटून दोन्ही बाजू त्यांना दाखवल्या.