बायोडेटातला भाषांचा रकाना

परवा दुपारी दुकानात गर्दी नव्हती, तेव्हा आमच्याकडे कामाला असलेल्या पोरानं त्याचा बायोडेटा माझ्यापुढं ठेवला. पुण्यात एका कंपनीत मुलाखत आहे त्याची. "मॅडम, एकदा बघा की. आणि त्ये विचारत्यात म्हणे, तुमच्यात असं काय हाय जे बाकीच्यांत नाही? काय सांगू मी?"

वाचलं. नाव, पत्ता, बारावी, बी.कॉम. चालू, एमएस-सीआयटी. 'स्किल्स' म्हणून मोबाईलवरच्या कुठल्यातरी नमुन्यातनं उतरवलेलं : मेहनती, टीम प्लेयर, सकारात्मक विचार. त्याखाली भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी.

भाषांची ओळ मी दोनदा वाचली. हा पोरगा घरी तेलुगू बोलतो. आई अक्कलकोट तालुक्यातल्या गावात वाढलेली, त्यामुळं कन्नडही तोंडात. गल्लीतल्या मित्रांशी दखनी, म्हणजे इकडची उर्दू. दुकानात सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ह्याला कळतं, आता कुठल्या भाषेत तोंड उघडायचं. आणि बायोडेटात त्यातलं काहीच नाही. विचारलं तर म्हणाला, "त्ये काय मॅडम, त्ये तर घरातलं हाय."

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. लिहून मोकळी होते.

माझं माहेर बार्शी. लग्न होऊन सोलापुरात आले आणि पूर्व भागात आमचं औषधांचं दुकान आहे तिथं बसायला लागले, त्याला आता अठरा वर्षं झाली. डी.फार्म. झालेलं होतं. औषधांची नावं, मात्रा, कशाबरोबर काय द्यायचं नाही, सगळं पाठ. तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. गिरण्या-माग चालू झाले तशी तेलंगणातनं आलेली पद्मशाली विणकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथं राहतात. यंत्रमागावर चादरी-टॉवेल विणणारे पुरुष, घरात विड्या वळणाऱ्या बाया. सगळ्यांना कामापुरतं मराठी येतं. मी धरून चालले होते की तेवढं पुरतं.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक अव्वा, म्हणजे तेलुगू आजी, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. आयुष्यभर विड्या वळलेल्या. विडी वळणाऱ्या बाईचे हात जवळनं बघितलेत का तुम्ही? पत्र्याच्या मापानं पान कापायचं, तंबाखू भरायची, अंगठा आणि पहिल्या बोटात गुंडाळायचं, टोक नखानं दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवसाला शेकड्यानं. अव्वांची बोटं सांध्यांवर सुजलेली, सकाळी मूठच वळत नव्हती. आमवात. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलेलं.

हे औषध कॅन्सरमध्येही वापरतात, मोठ्या मात्रेत. आमवातात मात्रा अगदी छोटी, आणि आठवड्यातनं एकदाच. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, हाडातल्या मगजातलं रक्त तयार व्हायचं काम बंद पडायला लागतं, माणूस दगावू शकतो. मला हे माहीत होतं. म्हणून मी मुद्दाम सांगितलं : "अव्वा, ही गोळी आठवड्यातनं एकदाच हां. फक्त रविवारी. रोज नाही. आणि ही दुसरी फॉलिक अ‍ॅसिडची, ती वेगळ्या दिवशी. समजलं का?"

"हां हां," म्हणाल्या. मान हलवली, पैसे मोजून दिले, गेल्या.

अकराव्या का बाराव्या दिवशी परत आल्या. पट्टी संपली म्हणून. तोंड धड उघडत नव्हतं, आतनं सगळं सोललेलं. "तिखट लागतंय," एवढंच सांगत होत्या. माझे हातपाय गार पडले. काय विचारायचं तेही सुचेना. तेव्हा आमच्याकडे एक जुना माणूस कामाला होता, शिक्षण सातवी. तो काउंटरच्या बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बाकावर बसला आणि तेलुगूत बोलायला लागला. दोन मिनिटांत उलगडलं. माझ्या सगळ्या बोलण्यातला 'रविवार' तेवढा त्यांच्या कानात पक्का बसला होता. रविवारपासून सुरू करायची, असं त्यांनी धरलं. आणि रोज एक घेतली. दोन्ही गोळ्या पिवळ्या, त्यामुळं घरातल्या कुणाला शंकाही आली नाही.

लगेच डॉक्टरांना फोन केला, ॲडमिट केलं. पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. आठ दिवस दवाखान्यात होत्या. वाचल्या.

माझ्या नोंदवहीत सगळं बरोबर होतं. औषध बरोबर, मात्रा बरोबर, सूचना दिलेली. कुणी मला दोष दिला नाही, अव्वांच्या मुलानं तर उलट आभार मानले. पण ते आठ दिवस मी झोपले नाही. 'आठवडा' हा शब्द त्यांना येतो का, हे मी बघितलंच नव्हतं. तेलुगूत आठवड्याला 'वारम्' म्हणतात. कन्नडमध्येही 'वार' म्हणजे आठवडा. आपण मराठीत वार म्हणतो ते सोमवार-मंगळवारला. केवढा जवळचा शब्द, आणि मला पत्ताच नाही. 'वारानिकि ओकसारि', आठवड्यातनं एकदा, एवढे दोन शब्द मला आले असते तर!

पुढं महिन्या-दीड महिन्यानं डॉक्टरांनी ती गोळी परत कमी मात्रेत सुरू केली. या वेळी आमच्या त्या माणसानं काय केलं ते सांगते. त्यानं आधी डॉक्टरांना फोन लावून विचारलं की वार बदलला तर चालेल का. तेलुगूत रविवारला 'आदिवारम्' म्हणतात, पण मंगळवार हा मंगळवारम्‌च. शिवाय अव्वा दर मंगळवारी बाजाराला जायच्या, काही झालं तरी. मग त्यानं त्यांना सांगितलं, बाजार करून आलात, भाजी ठेवली, रात्री जेवलात, की ही गोळी. बाजार नाही त्या दिवशी गोळी नाही. नंतर तो गप्प बसला आणि म्हणाला, "चेप्पंडि." सांगा आता तुम्ही. अव्वांनी सगळं त्यांच्या शब्दांत परत सांगितलं. मधे एके ठिकाणी अडखळल्या, तेवढंच त्यानं पुन्हा सांगितलं. मग पट्टी हातात दिली.

मी अठरा वर्षांत औषधविक्रीतलं जे काही शिकले, त्यात हा सगळ्यात मोठा धडा. आणि तो माणूस हे कुठं शिकला होता? कुठंच नाही. त्याला समोरच्याच्या चेहऱ्यावरनं कळायचं की बोलणं पोचलंय का नुसतं ऐकलंय.

'समजलं का?' हा प्रश्न मी तेव्हापासून विचारायचं सोडलं. त्याला सगळे हो म्हणतात. लाजेनं म्हणतात, घाईनं म्हणतात, मागं रांग आहे म्हणून म्हणतात, मॅडम शिकलेल्या आहेत म्हणून म्हणतात. त्याऐवजी विचारते, "घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगणार?" अर्धा मिनिट जास्त जातो. दहातले तीन-चार जण तरी काहीतरी वेगळंच सांगतात, आणि ते सगळे हो म्हणून निघून गेले असते.

हे फक्त तेलुगू-कन्नडवाल्यांचं आहे असं कुणी समजू नका. मध्यंतरी एक चांगला शिकलेला, इंजिनिअर झालेला बाप रात्री धावत आला. बाळाला ताप. पॅरासिटामॉल घरात आहे, पाच मिली देऊ ना? मी विचारलं, बाटली कुठली? ड्रॉप्सची होती. लहान बाळांच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलीग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये पाच मिलीत १२५. नाव तेच, कंपनी तीच, बाटलीवरचं बाळाचं चित्रही तेच. सिरपच्या हिशोबानं ड्रॉप्स दिले असते तर चौपट मात्रा गेली असती. त्याला मराठी उत्तम येत होतं, इंग्रजीही. डॉक्टरांनी त्याला 'पाच मिली' सांगितलेलं खरं, पण सिरप समजून. तसंच चमच्याचं. आपण 'एक चमचा' म्हणतो. कुणाच्या घरात तो पाच मिलीचा असतो, कुणाच्या घरात आमटी वाढायचा.

म्हणून मला वाटतं, चारचौघांपेक्षा माणूस वेगळा ठरतो तो इथं. आपलं बोलणं समोरच्यापर्यंत पोचलंय का, ते बघायची जबाबदारी तो स्वतःकडे घेतो. त्याला कळलं नाही तर तो अडाणी, असं म्हणून हात झटकत नाही. त्यासाठी समोरच्याच्या भाषेत चार पावलं जावं लागलं तर जातो.

आपल्याच गावात केवढं मोठं उदाहरण आहे. भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, शाळेत असताना सगळ्यांना सहलीला नेतात. जन्म १९१० चा, सोलापूरचा. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेलं, त्यात ते. बाकीचे परतले, हे तिथंच राहिले. एका मोठ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथंच गेले. त्यांचा त्याग आपण पोरांना सांगतो, सांगायलाच हवा. पण ते चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले, हे आपण घाईघाईत सांगून पुढं जातो. मला तीच गोष्ट फार मोठी वाटते. जखमी शिपायाला 'कुठं दुखतंय' हे त्याच्याच भाषेत विचारणारा परका डॉक्टर. त्यांच्या मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. त्यातलं यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. सोलापुरात वाढलेल्या माणसाला दुसऱ्याची भाषा परकी वाटली नसावी, असं मला आपलं वाटतं. पुरावा मागाल तर नाही.

कारण हे गावच तसं आहे. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाबरोबर चालणारा माणूस घरी कुठली भाषा बोलतो हे कुणी विचारत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, चारही माध्यमांच्या शाळा या एका शहरात आहेत. भाजीवाली अक्का एका पेंढीचा भाव तीन भाषांत सांगते आणि चौथीत घासाघीस ऐकून घेते. आपल्याला ते रोजचं, म्हणून आपण त्याला काही मोजतच नाही. पुण्या-मुंबईत गेलेल्या आपल्या पोरांना तर त्याची लाज वाटते. 'सोलापूरची हिंदी' म्हणून हसतात, मग ही पोरं गप्प बसायला शिकतात.

आणि इकडं व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लास. माझ्या भाचीनं एक केला, फी भरपूर. हात कसा मिळवायचा, डोळ्यांत बघून कसं बोलायचं, इंग्रजीत दोन मिनिटं स्वतःची ओळख. इंग्रजी यायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीही पोरांना तेच सांगते. पण तीन महिन्यांत एकदाही कुणी तिला सांगितलं नाही की समोरच्याचं ऐक, आणि त्याला काय कळलं ते त्याच्याकडून वदवून घे. सगळा भर आपण कसे दिसतो यावर. तिची आजी, म्हणजे माझी आई, तिच्याशी बोलताना म्हणते, "ही माझ्याशी बोलतीय का भाषण करतीय?"

अव्वांच्या प्रकरणानंतर मी एक वही केली. आमच्या त्या माणसाला विचारून विचारून देवनागरीत लिहून काढलं. जेवल्यावर : तेलुगूत 'तिन्नाक', कन्नडमध्ये 'ऊटा आद मेले'. रिकाम्या पोटी : 'परगडुपुन', 'खाली होट्टे'. सकाळी 'पोद्दुन'. कधी घेणार : 'एप्पुडु वेसुकुंटारु?' सगळी मिळून पन्नासेक वाक्यं असतील. माझे उच्चार ऐकून बाया पदर तोंडाला लावून हसतात, आणि हसल्या की खरं बोलायला लागतात. गोळ्या खरंच घेतायत का मधेच सोडल्यात, पैसे कमी पडले म्हणून अर्धीच पट्टी नेली का, हे सगळं त्यानंतर बाहेर येतं. 'ऊटा आतेन री?' एवढं विचारलं तरी म्हातारे आजोबा बाकावर टेकतात. तो जुना माणूस आता कामाला येत नाही, गुडघ्यांनी दगा दिला. त्याच्या जागी हा पोरगा आलाय.

तर परवा मी पोराला पेन दिलं आणि म्हटलं, भाषांची ओळ परत लिही. "तेलुगू पण लिहायचं, मॅडम? कन्नड पण? वाचता येत नाही मला कन्नड." म्हटलं, तसंच लिही, बोलता येतं, वाचता येत नाही. आणि ते विचारतील ना, तुमच्यात काय वेगळं आहे, तेव्हा गेल्या महिन्यातल्या त्या इन्सुलिनच्या आजोबांचं सांग. इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवायचं म्हटल्यावर ते बर्फाच्या कप्प्यात ठेवत होते, गोठून वाया जात होतं, आणि ते तुझ्या लक्षात आलं, कारण तू त्यांना कन्नडमध्ये विचारलंस, फ्रीज उघडल्यावर नेमका कुठं ठेवता?

"ह्ये सांगायचं? मुलाखतीत?" त्याला पटलं नव्हतं. पण लिहिलं. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी, दखनी, इंग्रजी. रकाना पुरला नाही, शेवटच्या दोन भाषा खाली समासात गेल्या. गुरुवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाणारंय.