उसाच्या बांधावरची पहिली तीन वर्षे

गरिबाघरचे मूल मागे पडते ते पोटाला कमी मिळाल्यामुळे, असे आपण धरून चाललो आहोत, आणि म्हणून लहान मुलांविषयीची आपली बहुतेक चर्चा वजनकाट्यापाशी सुरू होते व तिथेच थांबते. वजनाचे महत्त्व कोणीच नाकारणार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली, ही आपल्यासारख्या सधन म्हणवणाऱ्या राज्याला शोभणारी गोष्ट नव्हे. परंतु तीन वर्षांपर्यंतच्या बाळाला अन्नाच्या जोडीने आणखी एक गोष्ट रोज लागते, ती म्हणजे त्याच्याशी बोलणाऱ्या मोठ्या माणसाचा निवांत वेळ. आणि पोटासाठी राबणाऱ्या आईजवळ नेमका तोच उरत नाही.

आम्ही पलूस तालुक्यातले ऊस उत्पादक. दिवाळी झाली की बीडकडच्या आणि आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या जतकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कृष्णाकाठी उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली आगाऊ उचल आणि ती फिटेपर्यंत तोड, असा हा व्यवहार. बाई अंधारात उठून भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. गेल्या हंगामात आमच्या बांधावर दीडेक वर्षाचे एक मूल पाचटावर टाकलेल्या गोधडीवर बसलेले असे, आणि त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची थोरली बहीण. फडात बगळे उतरले की ते बोट दाखवून ओरडायचे. बहीण पेंगुळलेली असायची. एकदा आई पाजायला आली असताना त्याने तसेच बोट दाखवले, ती म्हणाली, "बगळा हाय त्यो, बगळा," आणि मुलाने लगेच "बग्गा" म्हटले. एवढे झाले आणि तिला मोळ्यांकडे परत जावे लागले.

मुलाने काही दाखवायचे आणि मोठ्याने त्याला प्रतिसाद द्यायचा, या दिवसातून शेकडो वेळा घडणाऱ्या देवाणघेवाणीतून भाषा, विचार आणि माणसावरचा विश्वास आकाराला येतो. जमैकातील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत 1986-87 मध्ये 129 खुरटलेल्या मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर काही मुलांच्या घरी जात आणि घरगुती खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवीत. वीस वर्षांनंतर या मुलांची कमाई, असा आधार न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी अधिक निघाली. ज्यांना केवळ पूरक आहार मिळाला होता, त्यांच्यात हा फायदा दिसला नाही. माझ्या मते आपल्याकडच्या प्रत्येक धोरणकर्त्याने हे निष्कर्ष टेबलावर ठेवावेत.

आपल्याकडे 1975 पासून एकात्मिक बालविकास सेवा योजना आहे, आणि अंगणवाडी सेविका तुटपुंज्या मानधनावर करतात त्या कामाविषयी मला मनापासून आदर आहे. पण अंगणवाडीत बसून शिकणे आणि गरम जेवण हे तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याहून लहान बाळाच्या वाट्याला मुख्यतः घरी न्यायचा आहार, वजन आणि लसीकरण येते. आई दिवसभर फडात असते, तेव्हा बाळाजवळ कोण, हा प्रश्न तसाच राहतो.

1948 च्या कारखाने अधिनियमात तीसपेक्षा अधिक महिला कामगार असलेल्या कारखान्यांवर सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराचे बंधन होते. ऊसतोड महिला मात्र मुकादमामार्फत येते, म्हणून ती साखर कारखान्याची कामगार गणली जात नाही. तिने तोडलेल्या उसावर गाळप चालते, तिच्या बाळाची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते. ही पळवाट बुजवली पाहिजे.

टोळ्या मुक्कामाला असतात त्या प्रत्येक तळावर हंगामापुरते पाळणाघर असावे आणि टोळीतल्याच दोन बायांना तोडणीइतकीच मजुरी देऊन, थोडे प्रशिक्षण देऊन तिथे नेमावे. अंगावर पिणाऱ्या बाळांसाठी ते फडाजवळ हलवता येईल असे असावे. खर्च गाळपाच्या हिशोबात धरावा. त्यासाठी टनामागे काही रक्कम आम्हा ऊस उत्पादकांकडूनही कापली, तर माझी हरकत नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी हा विषय आमच्या कारखान्याला लेखी देणार आहे. सांगली-साताऱ्यातील ज्या सभासदांना हे पटते, त्यांनी आपापल्या कारखान्याला तसेच पत्र द्यावे. मसुदा हवा असल्यास इथे कळवा, मी पाठवतो.