‘आपल्या घराचा कॅमेरा कोण बघणार?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इंटरनेटला जोडलेले कॅमेरे शोधणाऱ्या ‘शोडान’ या सर्च इंजिनबद्दलचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. ताईने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘म्हणजे आपल्याला काही धोका नाही ना?’ तिच्या बाळाच्या पाळण्यावर कॅमेरा आहे, म्हणून गप्प बसवत नाही. मेसेज सांगतो: शोडान पासवर्ड फोडतं, पण फक्त मोठ्या कंपन्यांचे. साध्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता कोणालाच माहीत नसतो. वायफायचा पासवर्ड भक्कम असला की झालं. अ‍ॅपवर चालणारे कॅमेरे दिसतच नाहीत. शिवाय इनकॉग्निटो मोड वापरा.

शोडान 2009 पासून चालू आहे आणि ते पासवर्ड फोडत नाही. ते इंटरनेटवरच्या पत्त्यांवर टकटक करतं आणि जे उपकरण उत्तर देतं त्याची नोंद ठेवतं. कॅमेरा स्वतःच आपली कंपनी, मॉडेल सांगून टाकतो. पासवर्डच नसेल तर समोरचं चित्रसुद्धा.

‘पत्ता कोणाला माहीत नसतो’ हे सगळ्यात घातक वाक्य आहे. पत्ता माहीत असावाच लागत नाही! आयपीव्ही4 या इंटरनेटवरचे पत्ते देण्याच्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे 430 कोटी. 2013 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी असे पत्ते झपाट्याने तपासणारं झीमॅप हे साधन आणलं. चांगलं कनेक्शन असलेला एकच संगणक ते सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत तपासू शकतो. तुमचं घर कोणी निवडत नाही, ते यादीत आपोआप येतं. ग्राहकांचं हित जपणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2013 मध्ये ट्रेंडनेट या कॅमेरे विकणाऱ्या कंपनीवर केलेली कारवाई वाचा. जानेवारी 2012 मध्ये तिच्या जवळपास 700 कॅमेऱ्यांचं थेट चित्रण उघड्यावर आलं होतं. त्यात पाळण्यात झोपलेली बाळं होती. ही बाळं साध्या घरांतलीच. आणि लॉगिन लावलेलं असूनही सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे ते कुचकामी ठरलं होतं.

वायफायचा पासवर्ड शेजाऱ्याला अडवतो, इंटरनेटवरून येणाऱ्याला नाही. राउटरमध्ये यूपीएनपी (उपकरणांना आपोआप वाट उघडू देणारी सोय) चालू असेल तर कॅमेरा तुम्हाला न विचारता स्वतःसाठी बाहेरचं पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, उघडून घेऊ शकतो. इनकॉग्निटो मोडचा इथे काडीचाही संबंध नाही, तो फक्त तुमच्या ब्राउझरची हिस्टरी ठेवत नाही.

अ‍ॅपचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालणारे बरेच कॅमेरे शोडानवर दिसत नाहीत. पण त्याच कॅमेऱ्याचं पोर्टही उघडं असेल तर तो दिसणारच. आणि अ‍ॅपचा पासवर्ड दुसरीकडे वापरलेलाच असेल, तर आत शिरायला शोडान लागतही नाही.

तेव्हा आजच राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन यूपीएनपी आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी वाट थेट कॅमेऱ्याकडे वळवणारी सेटिंग) बंद करा, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. कंपनीने अपडेट देणंच थांबवलं असेल, तर तो कॅमेरा पाळण्यावरून काढा.