‘स्टॉलचं पत्र असलं की व्हिसा मिळतोच’: टॉवेल कारखानदारांत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापूरच्या टॉवेल-चादरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या हाइमटेक्स्टील या घरगुती कापडाच्या प्रदर्शनाला जाणाऱ्यांना त्यात दिलेला सल्ला थोडक्यात असा: स्टॉलचं पत्र असलं की व्हिसा मिळतोच. बिझनेस व्हिसाला कागदपत्रं फार लागतात, त्यापेक्षा टुरिस्ट टाका. खात्यात सहा-सात लाख भरा आणि स्टेटमेंट काढा. जर्मनीच्या व्हिसा अर्जासाठी तारीख (अपॉइंटमेंट) मिळत नसेल तर ज्या देशाची मिळेल तिथून घ्या. शिक्का बसला की 90 दिवस मोकळे. कन्फर्म तिकीट आधी काढू नका. आणि नाकारलाच तर फुकटात अपील करा.

यातलं तिकिटाचं तेवढं खरं आहे. अर्जासोबत जाण्यायेण्याचं बुकिंग लागतं, पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. बाकीचा एकेक सल्ला स्टॉलचं भाडं आधीच भरून बसलेल्या कारखानदाराचा अख्खा हंगाम घालवू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘स्टॉलचं पत्र असलं की मिळतोच.’ आयोजकांचं पत्र एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: कशासाठी जाताय. व्हिसा अधिकारी आणखी दोन गोष्टी बघतो. खर्च कोण करणार, आणि हा माणूस परत का येईल? त्यांची उत्तरं सोलापुरातल्या कागदांतूनच द्यावी लागतात: जीएसटी नोंदणी, आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाची नोंदणी), भागीदारी असेल तर करारनामा, आयकर विवरणपत्रं, बँक स्टेटमेंट आणि फर्मच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र. त्या पत्रात कोण जातोय, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, कोणत्या हॉलमध्ये स्टॉल आहे, खर्च फर्म करणार की स्वतः, हे स्पष्ट लिहा. शॉप ॲक्टचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.

स्टॉल नसेल, फक्त बघायला आणि गिऱ्हाइकांना भेटायला जाणार असाल, तर प्रवेशाच्या तिकिटावर भागत नाही. तिथल्या खरेदीदाराचं निमंत्रण मागवा. ‘प्लीज व्हिजिट अस’ असा दोन ओळींचा मेल कामाचा नाही. कंपनीचा पत्ता, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, तुमचं नाव आणि पासपोर्ट नंबर, भेटीच्या तारखा, कामाचं स्वरूप आणि खर्चाची जबाबदारी, एवढं त्यात हवं.

नावाचा घोळ आपल्याकडे फार होतो. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये एकत्र असतं, पॅनवर नुसती आद्याक्षरं, आणि निमंत्रणावर गिऱ्हाईक ज्या नावानं हाक मारतो ते. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. निमंत्रण, विमा, हॉटेल, विमानाचं बुकिंग, सगळीकडे पासपोर्टवरचं स्पेलिंग जसंच्या तसं असू द्या. पासपोर्टचं पहिलं पान स्कॅन करून गिऱ्हाइकाला पाठवलं की निम्मा घोळ तिथंच मिटतो.

‘टुरिस्ट टाका, सोपं पडतं.’ सोपं काहीच पडत नाही. शेंगेनचा, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांचा, अल्प मुदतीचा व्हिसा एकाच प्रकारचा असतो, टाइप सी. सहलीला तोच, प्रदर्शनाला तोच. अर्ज एक, मोठ्या माणसाची फी एकच, 11 जून 2024 पासून 90 युरो. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. फरक फक्त हेतूच्या रकान्यात आणि जोडायच्या कागदांत. प्रदर्शन आणि व्यावसायिक भेटी या व्हिसावर चालतात. तिथं नोकरी चालत नाही. मग खोटा हेतू लिहून मिळवायचं काय? उलट विमानतळावरचा अधिकारी कागद मागू शकतो आणि बॅगेत एक्झिबिटर पास व टॉवेलचे नमुने निघतात. व्हिसा हातात असला म्हणजे प्रवेशाची हमी मिळाली असं होत नाही. तो तिथंही रद्द होऊ शकतो.

खऱ्या सहलीसाठी पूर्वी मिळालेला, मुदत शिल्लक असलेला मल्टिपल एंट्री व्हिसा असेल तर गोष्ट वेगळी. त्यावर प्रदर्शनाला जाता येतं, फक्त स्टॉलची आणि भेटीची कागदपत्रं जवळ ठेवा.

‘खात्यात सहा-सात लाख भरा.’ या सल्ल्यानं सर्वांत जास्त नुकसान होतं. जर्मनीसाठी मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट लागतं. अधिकारी शेवटच्या आकड्यावर थांबत नाही, आकडा तिथवर कसा आला तेही बघतो. दोन महिने वीस-तीस हजारांवर हेलकावणाऱ्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात सहा लाख रोख जमा झाले, तर ते उसने आहेत हे कुणालाही कळतं. शिवाय शेजारीच आयकर विवरणपत्र असतं. तिथलं उत्पन्न आणि इथली शिल्लक जुळली नाही की सगळ्याच कागदांवरचा विश्वास उडतो.

आपल्या धंद्यात वेगळीच अडचण असते. सूत उचलायला बँकेकडून सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट घेतलेलं असतं आणि ते खातं कायम उणे दिसतं. नुसतं तेवढंच स्टेटमेंट जोडलं तर चांगली चालणारी फर्मही कर्जात बुडालेली वाटते. त्यासोबत बँकेचं लिमिट मंजुरीचं पत्र, करंट खात्याचं स्टेटमेंट आणि मालकाच्या बचत खात्याचं स्टेटमेंट लावा. प्रवासाचा खर्च ज्या खात्यातून होणार, तेच पत्रात लिहा. सहकारी बँकेत खातं असेल तर पासबुकाची झेरॉक्स पुरत नाही. स्टेटमेंटच्या प्रत्येक पानावर शिक्का आणि सही घ्या. मोठी रक्कम खरोखरच आली असेल, समजा एखाद्या निर्यातीच्या बिलाची, तर ते बिल जोडून लेटरहेडवर दोन ओळी लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

‘मिळेल त्या देशातून घ्या.’ नियम असा आहे: ज्या देशात मुख्य काम, किंवा जिथं मुक्काम सर्वांत जास्त, त्याच देशाकडे अर्ज. मुक्काम सारखे असतील तर ज्या देशातून आधी प्रवेश, त्याच्याकडे. पाच दिवस फ्रँकफुर्ट आणि दोन दिवस पॅरिस असेल तर अर्ज जर्मनीकडेच. विमान पॅरिसवरून जात असलं तरी हरकत नाही, कारण जर्मनीचा शेंगेन व्हिसा सगळ्या 29 देशांत चालतो. पण दुसऱ्या देशाची हॉटेलं खोटी दाखवून व्हिसा काढलात आणि तो नाकारला गेला, तर ती नोंद सामाईक व्हिसा प्रणालीत पाच वर्षांपर्यंत राहते आणि पुढच्या वर्षी जर्मनीलाही दिसते.

तारीख मिळत नाही यामागचं खरं कारण बहुतेक वेळा उशीर हेच असतं. 2026 चं हाइमटेक्स्टील 13 ते 16 जानेवारीला होतं, म्हणजे सोलापूरच्या ऐन गड्ड्याच्या यात्रेत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे जुलैच्या मध्यापासून. आपल्याकडे मात्र दिवाळीचा बोनस वाटून झाल्यावर बघू म्हणतात, आणि मग डिसेंबरची गर्दी आणि नाताळच्या सुट्ट्या आडव्या येतात. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण ते 45 पर्यंत नेण्याची मुभा त्यांना आहे. किमान 15 दिवस आधी अर्ज पोचलाच पाहिजे, ही शेवटची हद्द झाली. सप्टेंबरमध्ये तारीख घ्या आणि दिवाळीच्या आसपास कागद देऊन मोकळे व्हा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, एजंट ते देऊ शकत नाही. मागच्या 59 महिन्यांत दिलेले असतील तर ते पुन्हा वापरता येतात.

‘शिक्का बसला की 90 दिवस मोकळे.’ स्टिकर नीट वाचा. त्यावर मुदतीच्या दोन तारखा असतात आणि मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. समजा मुदत 10 जानेवारी ते 9 फेब्रुवारी आहे आणि मुक्काम 15 दिवस. 11 तारखेला उतरलात तर 25 जानेवारी हा शेवटचा दिवस. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. 90 दिवस ही कोणत्याही 180 दिवसांतली कमाल मर्यादा आहे आणि मोजणी प्रत्येक दिवसापासून मागे होते, त्यामुळे एक दिवस बाहेर जाऊन आलं की मीटर शून्यावर येत नाही. 12 ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर येण्याजाण्याची नोंद संगणकावर होऊ लागली आहे, त्यामुळे शिक्का पुसट होता वगैरे चालणार नाही.

एंट्रीच्या रकान्यात 01, म्हणजे एकदाच प्रवेश, असेल आणि मधे लंडन किंवा इस्तंबूल करून फ्रँकफुर्टहून घरी परतायचं असेल, तर तो व्हिसा बाहेर पडताच संपला. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. आयर्लंड युरोपीय संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही, स्वित्झर्लंडचं बरोबर उलटं. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरलेल्या भारतीयांना साधारणपणे दोन वर्षांचा मिळू शकतो. हा नियम एप्रिल 2024 मध्ये आला. म्हणून जुना पासपोर्ट सोबत जोडायला विसरू नका.

विम्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. किमान 30,000 युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत, मुक्कामाचे सगळे दिवस, आणि आजारपणात मायदेशी आणण्याचा खर्च धरून. घरची मेडिक्लेम पॉलिसी चालत नाही.

‘नाकारला तर फुकटात अपील.’ जर्मनीनं ही सोय 1 जुलै 2025 पासून बंद केली. पूर्वी वकिलातीकडेच फेरविचार मागता यायचा. आता दोनच वाटा: बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, किंवा नवा अर्ज. जानेवारीच्या प्रदर्शनासाठी न्यायालयाची वाट निरुपयोगी आहे. नाकारल्याच्या कागदावर कारणासमोर खूण असते. हेतू पटला नाही असं असेल तर निमंत्रण आणि कार्यक्रम नव्यानं द्या. परत येण्याबद्दल शंका असेल तर कारखान्याची, कामगारांच्या पीएफची, घराची कागदपत्रं वाढवा. तेच कागद पुन्हा नेले तर उत्तरही तेच मिळतं आणि 90 युरो दुसऱ्यांदा जातात. नव्या अर्जात आधीचा नकार लपवू नका, तो त्यांना दिसतोच.