पहिल्याच दिवशी जा, आणि तेही सहकुटुंब

एखाद्या थीम पार्कात नवा भाग उघडतोय अशी बातमी आली की शहाणीसुरती माणसं लगेच सल्ले द्यायला लागतात. 'सहा महिने थांबा. गर्दी ओसरू दे. शाळा सुरू झाल्या की एखाद्या मधल्या वारी जा.' या माणसांचं अजिबात ऐकू नका. नव्याकोऱ्या भागात जायचं तर उद्घाटनाच्याच दिवशी जायचं, ऐन सुट्टीच्या हंगामात, टळटळीत उन्हात, घरातल्या लहानथोर सगळ्यांना घेऊन. सहा महिन्यांनी गेलात तर काय होईल? अर्ध्या तासात राइडमध्ये बसाल, तीन मिनिटांत उतराल, आणि उरलेला दिवस एकमेकांची तोंडं बघत काढाल. त्यापेक्षा रांग बरी. तिथे निदान पुढच्याची पाठ बघता येते.

आणि हे काही आजचं खूळ नाही, त्याला चांगली परंपरा आहे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइममध्ये डिस्नीलँड उघडलं ते फक्त निमंत्रितांसाठी. पण निमंत्रणाची वाट बघत बसतील ते लोक कसले! बनावट तिकिटं घेऊन माणसं बिनदिक्कत आत शिरली. एका उद्योगी गृहस्थाने तर कुंपणाला शिडी लावून माणशी पाच डॉलर घेतले असं सांगतात. रस्त्याचं डांबर इतकं ताजं होतं की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतत होत्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास यांतलं एकच काहीतरी वेळेत पुरं होणार होतं. वॉल्ट डिस्नींनी संडास निवडले. पारा शंभर फॅरनहाइटच्या आसपास, घशाला कोरड, आणि हा सगळा सोहळा टीव्हीवर थेट चालू. पार्कातले लोक पुढे त्या दिवसाला 'ब्लॅक संडे' म्हणायला लागले. एवढं झाल्यावर लोकांनी पाठ फिरवली असेल, असं तुम्हाला वाटेल. दोन महिने उलटायच्या आत दहा लाखावा पाहुणा फाटकातून आत आला. म्हणजे गैरसोयीची जाहिरात झाली, आणि तीही फुकट.

तेव्हा जायचं हे ठरलं. आता प्रश्न उरतो रांग निवडण्याचा, कारण रांगेतही दर्जा असतो.

नुसत्या राइडची रांग ही नवशिक्यांसाठी. मुरलेला माणूस त्या भागात शिरण्यासाठीच्या रांगेपासून सुरुवात करतो. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये १८ जून २०१० ला हॅरी पॉटरचं जग उघडलं, तेव्हा ही रांग पार्कात न मावता फाटकाबाहेर गेली. म्हणजे तिकीट काढून आत येण्याऐवजी लोक बाहेर जाऊन उभे राहिले. आत पोचल्यावर बटरबिअर या पॉटरच्या गोष्टीतल्या पेयाच्या गाड्यापुढे रांग, आणि जादूच्या काठ्यांचं दुकान बघायला आणखी एक. या दुकानात वीसपंचवीस माणसांची एक तुकडी आत घेतात, त्यातल्या एका भाग्यवान पोराला काठी 'निवडते', आणि मग सगळ्यांना विक्रीच्या काउंटरकडे सोडतात. पैसे देऊन दुकानात जाण्यासाठी उन्हात तिष्ठायचं आणि तिथे पुन्हा पैसे द्यायचे, हे सुख ज्याला कळलं त्याला थीम पार्क कळलं.

मात्र विक्रमाचीच हौस असेल तर १३ जून २०१९ हा आदर्श डोळ्यांपुढे ठेवा. त्याच पार्कात पॉटरच्या गोष्टीतल्या हॅग्रिडच्या मोटरसायकलची राइड सुरू झाली आणि वेटिंगच्या पाटीवर दहा तासांचा आकडा लागला. राइड जेमतेम तीन मिनिटांची. त्रैराशिक मांडून बघा: एका मिनिटाच्या मजेसाठी दोनशे मिनिटं उभं राहणं. दहा तासांत माणूस विमानाने समुद्र ओलांडून दुसऱ्या खंडात उतरतो, पण तिथे त्याला टाळ्या कोण वाजवतं? रांगेत दहा तास काढलेल्याचं मात्र ऑफिसात वर्षभर नाव निघतं.

घरातलं एखादं गणिती डोकं इथे नक्की आडवं येईल. 'वाट बघण्याचा वेळ म्हणजे पुढची माणसं भागिले तासाला बसणारी माणसं,' असं ते सांगेल. सूत्र बरोबरच आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची रीतसर सिद्धता दिली. तासाला दीड हजार बसत असतील आणि तुमच्यापुढे सहा हजार असतील तर चार तास. पण हा हिशेब चार दिवस सुरळीत चाललेल्या राइडचा. नवी राइड तासाला किती माणसं बसवते ते तिच्या मर्जीवर असतं. मध्येच एखादा सेन्सर रुसतो, एखादी गाडी रुळावरून काढून ठेवावी लागते, कुणाचा तरी चष्मा पडतो. शिवाय पैसे मोजून घुसणाऱ्यांची वेगळी रांग असते, ती सूत्रात कुणी धरत नाही. दोन्ही रांगा जिथे मिळतात तिथे एक हसतमुख पोरगा उभा असतो. पैसेवाल्यांचा अख्खा जथा तो आत सोडतो, मग तुमच्यातल्या चौघांना 'या' म्हणतो, आणि मग पुन्हा हात आडवा करतो. त्या हाताकडे बघत काढलेला अर्धा तास समाजशास्त्राच्या कुठल्याही वर्गात मिळणार नाही.

वेटिंगच्या पाटीवर मात्र श्रद्धा ठेवा. पाटी खोटं बोलते, पण तुमच्या भल्यासाठी. डिस्नीच्या पार्कांत रांगेच्या तोंडाशी एखाद्या पाहुण्याच्या हातात दोरी लावलेलं लाल कार्ड देतात. ते त्याने गळ्यात मिरवत न्यायचं आणि राइडपाशी परत करायचं. मधल्या वेळावरून यंत्र आकडा काढतं. त्या आकड्यात वर थोडी भर घालून पाटी लावण्याचीही या धंद्यात रीत आहे. सत्तर वाचून उभे राहिलात आणि पन्नास मिनिटांत आत गेलात की वीस मिनिटं वाचवल्याचा आनंद होतो. पन्नास मिनिटं गेल्याचं दुःख कुणालाच आठवत नाही. डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने १९८५ मध्येच लिहून ठेवलं होतं की रिकामा वेळ भरलेल्या वेळापेक्षा लांब वाटतो आणि किती थांबायचं ते ठाऊक नसलं की आणखी लांब वाटतो. पार्कवाल्यांनी ते मनावर घेतलं. रांग कमी करण्यापेक्षा ती सजवणं स्वस्त पडतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

म्हणून आजकालची रांग ही रांग वाटतच नाही. तुम्ही ऊन सोसत कठड्यांची वेटोळी पार करता आणि एका दगडी दारापाशी येता. आत गारवा असतो. तुमच्या तोंडून सुटतं, 'पोचलो!' ते एक दालन निघतं. भिंतीवर कोळिष्टकं (खरी नव्हेत, त्यांना पगारी माणसं झटकून ठेवतात), जुन्या पेट्या, कुठूनतरी येणारा गुरगुराट. त्याच्या पुढे बोळ. बोळाच्या पुढे मोठी खोली, तिथे दारं बंद होतात, पडद्यावर कुणीतरी येऊन धोक्याची सूचना देतं, धूर निघतो, समोरचं दार सरकतं. आता बसायचंच! पोरं एकमेकांना ढकलत पुढे धावतात आणि थबकतात, कारण दारापलीकडे कठड्यांची आणखी सहा वेटोळी असतात, माणसांनी गच्च भरलेली. या क्षणी कुटुंबप्रमुखाने घड्याळाकडे बघू नये. बायकोकडे तर मुळीच बघू नये.

पूर्वतयारीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तयारी करूच नये. पोरांची उंची घरी मोजून जाण्याचा करंटेपणा करू नका. हॅग्रिडच्या राइडला अठ्ठेचाळीस इंच उंची लागते. तुमचं रत्न साडेसेहेचाळीस भरतं हे पट्टीपाशी उभं करून सगळ्यांसमोर कळण्यात जी नाट्यमयता आहे ती घरच्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघेत नाही. मग एकाने पोराला घेऊन बाहेर थांबायचं, दुसऱ्याने बसून यायचं आणि मग अदलाबदल, अशी सोय पार्कात असते. पण तिची चौकशी आधी कोणी करतं का? ती रडारड सुरू झाल्यावरच करायची.

लघुशंकेचंही तसंच. निघताना 'जायचंय का?' असं विचारलं तर प्रत्येक पोर नाही म्हणतं, आणि रांगेच्या बरोबर मध्यावर त्याला लागते. मग बाप त्याला घेऊन उलटा निघतो. येताना हातात पाच आइस्क्रीम, काखेत पोर, आणि तोंडाने एकच जप: 'सॉरी हं, आमची माणसं पुढे आहेत.' सुरुवातीचे लोक हसून वाट देतात. पुढचे नुसतीच देतात. पन्नास एक माणसं ओलांडल्यावर एक गृहस्थ भेटतात जे वाट देत नाहीत. त्यांचीही माणसं पुढेच असतात, पण त्यांनी कधी आइस्क्रीम आणायला जाण्याचा विचार केलेला नसतो. दोघांमध्ये तत्त्वचर्चा होते, आइस्क्रीम वितळून पोराच्या कोपरावरून गृहस्थांच्या बुटावर पडतं, आणि एवढ्यात रांग दहा पावलं सरकल्यामुळे सगळे तत्त्व सोडून पुढे धावतात.

आता पैशाचं. पूर्वी, म्हणजे १९९९ पासून, डिस्नीत फास्टपास नावाची चिठ्ठी फुकट मिळायची. वेळ लिहिलेली असायची, त्या वेळेला जायचं. फुकटच्या गोष्टीची माणसाला किंमत नसते, म्हणून ती बंद झाली आणि २०२१ पासून रांग टाळण्याचे पैसे पडू लागले. २०२४ मध्ये तर कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडने सगळ्या खास रांगांतून एकेकदा, दिवसभरात हवं तेव्हा जाऊ देणारा पास काढला, आरंभीची किंमत माणशी चारशे डॉलर, प्रवेशाचं तिकीट वेगळं. हा पास घेऊ नका. चौघांचे सोळाशे डॉलर वाचतील हे कारण नाही. चारशे डॉलर मोजलेल्या माणसाला चारही बाजूंनी जी जळजळीत नजर मिळते ती आपल्यासारख्या मध्यमवर्गीयाला सोसत नाही. आपण ती नजर देणाऱ्यांतले.

काही ठिकाणी रांग आता डोळ्यांना दिसतच नाही. २०१९ च्या डिसेंबरात फ्लोरिडाच्या डिस्नीत 'राइज ऑफ द रेझिस्टन्स' ही स्टार वॉर्सची राइड सुरू झाली तेव्हा तिला उभं राहण्याची रांगच ठेवली नाही. फोनवर नंबर लावायचा. पुढे सकाळी सातच्या ठोक्याला नंबर खुले व्हायचे आणि मिनिटा-दोन मिनिटांत संपायचे. म्हणजे रांगेतले चार तास वाचले. त्याऐवजी आदल्या रात्रीपासूनची झोप गेली. सातला एक मिनिट कमी असताना अख्खं कुटुंब पलंगावर आपापला फोन धरून बसतं, कुणी श्वास घेत नाही, आणि सातला नेमका आजोबांच्या फोनवर अपडेट सुरू होतो. तोकियोच्या डिस्नीसीमध्ये २०२४ साली फँटसी स्प्रिंग्स नावाचा नवा भाग उघडला, तिथे तर सुरुवातीला असा एखादा पास हाती असल्याशिवाय त्या भागात पाऊलही टाकता येत नव्हतं.

एवढं सांगूनही गर्दी टाळण्याचा मोह होत असेल, तर एक सावधगिरीची गोष्ट ऐका. ३१ मे २०१९ ला डिस्नीलँडमध्ये स्टार वॉर्सचा मोठा भाग उघडला. इतकी गर्दी होणार, इतकी होणार, अशी हाकाटी सहा महिने आधीपासून चालली होती. पहिले तीनेक आठवडे आरक्षणाशिवाय प्रवेश नव्हता, आरक्षणवाल्यालाही चारच तास. वार्षिक पासवाल्यांपैकी कित्येकांना उन्हाळ्याचे दिवस बंद ठेवले. २४ जूनपासून दार सगळ्यांना खुलं झालं, आणि लोक आलेच नाहीत! प्रत्येकाने ठरवलं होतं की बाकीचे येतील, म्हणून आपण जायचं नाही. त्या तिमाहीत अमेरिकेतल्या डिस्नी पार्कांची एकूण उपस्थिती वाढण्याऐवजी घटल्याचं कंपनीने ऑगस्टमध्ये सांगितलं. जे मोजके हिंडत गेले ते सरळ राइडमध्ये बसले. बिचारे! घरी येऊन सांगणार काय? 'गेलो, बसलो, उतरलो'? यावर शेजारीसुद्धा पुढचा प्रश्न विचारत नाही.

शेवटी एकच अडचण उरते, तीही तुमच्या हातातली नव्हे. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात दुपारी आभाळ भरून येतं, जवळपास वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड बंद करतात. नेमके तुम्ही शेवटच्या वेटोळ्यात असता. 'तांत्रिक कारणास्तव' असं ध्वनिक्षेपकातून काही पुटपुटलं जातं. जाणकार माणूस इथे रांग सोडत नाही. नवखे सोडतात, आणि त्यांच्या जागी आपण चार पावलं सरकतो, याचा आनंद निर्मळ असतो. तासाभराने एक मुलगी येते आणि प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी देते: ही दाखवा आणि पार्कातल्या कुठल्याही राइडला रांगेशिवाय जा. लोक टाळ्या वाजवतात. मग कुणीतरी चष्मा पुसून खालचं बारीक अक्षर वाचतं, आणि बहुतेक वेळा ज्या राइडसाठी सकाळपासून उभे आहात नेमकी तीच त्यातून वगळलेली असते.

बाहेर पडलात की समोरच एक जुनी राइड दिसेल, वीसएक वर्षं चालू असलेली. पाटीवर पाच मिनिटं. आत जाऊ नका. जिथे रांग नाही तिथे काय ठेवलंय?